पोथ्यांचं स्कॅनिंग झालं, पण दरवर्षी रुमालांचं कापड बदलायला पैसे कुठून आणायचे?

नदीकाठचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण गेल्या रविवारी जे बघितलं त्यानंतर राहवेना, म्हणून धागा काढतोय. लांबेल थोडा, पण पूर्ण वाचा कारण मला खरंच मदत हवीय.

आमच्या तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेलं वाचनालय आहे, सहा वर्षं मी कार्यकारिणीवर आहे. खाली कथा-कादंबऱ्या, पेपर, स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासाला बसतात ती खोली, आणि वर दोन लोखंडी कपाटं. त्यात ६१२ पोथ्या आणि मोडी कागदांचे ४३ रुमाल. सगळं गावातल्याच घराघरांतून आलेलं, कुणी वाडा पाडताना दिलं, कुणी आजोबा गेल्यावर आणून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रुमाल म्हणजे जुन्या दफ्तराचे कागद चौकोनी कापडात बांधून ठेवलेलं गाठोडं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो आहेत, आमच्याकडे फक्त ४३.

रविवारी एका अभ्यासक मुलीला एक वतनाचा कागद बघायचा होता म्हणून खूप महिन्यांनी दुसरं कपाट उघडलं. आधी वास आला, पावसात भिजलेल्या पोत्याचा येतो तसा. खालच्या फळीवरचा रुमाल उचलला तर हाताला हलका लागला, तेव्हाच पोटात गोळा आला. गाठ सोडली. कापडाला आतून मातीची नळी चिकटलेली, भिंतीपासून कपाटाच्या मागच्या भोकातून सरळ आत आलेली. वरचे आठ-दहा कागद शाबूत, त्याखाली मधोमध भोक आणि तळाला रव्यासारखा भुगा. एका कागदावर सगळ्यात वर 'राजश्री' एवढं वाचता आलं, पुढे कुणी कुणाला काय लिहिलं होतं ते गेलं ते गेलंच. त्या मुलीला हवा होता तो कागद त्यातच होता की नाही हेसुद्धा आता सांगता येत नाही, कारण आमची यादी 'रुमाल क्र. ३१, किरकोळ पत्रे' एवढीच आहे. असे तीन रुमाल गेले.

आता पैशाचं सांगतो. पाच वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर खर्च करावे लागतात त्या पैशांतून, आम्हाला स्कॅनिंगला चार लाख मिळाले. कार्यक्रम झाला, फलक लागला, पेपरात फोटो आला, आम्हालाही आनंदच झाला होता. त्या वेळी मीच बैठकीत म्हटलं की थोडे पैसे नवीन कापडाला आणि कपाटं भिंतीपासून लांब सरकवून खाली चौथरा करायला द्या, तर उत्तर आलं की ते प्रोजेक्टमध्ये बसत नाही. स्कॅनही पोथ्यांचंच झालं, रुमाल राहिले. सगळं एका हार्डडिस्कवर मिळालं आणि ती डिस्क गेल्या वर्षी बंद पडली, दुरुस्तीवाल्याने हात टेकले.

त्याआधी आणखी एक गोष्ट झाली जी मला जास्त लागते. आमच्याकडे एक काकू आठवड्यातून दोनदा यायच्या. कपाटं उघडायच्या, कोरड्या कापडाने पुसायच्या, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलायच्या, पावसाळा संपला की एकेक पोथी सोडून वारा द्यायच्या. मोडी त्यांना येत नव्हती पण कुठलं गाठोडं कुठे आहे ते डोळे मिटून सांगायच्या. महिना अडीच हजार मानधन होतं. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलं आणि आम्ही कार्यकारिणीने, म्हणजे मीही त्यात आलो, ठरवलं की सध्या ती जागा भरू नये, तेवढीच बचत. तीन वर्षांत नव्वद हजार वाचवले आणि तीन रुमाल घालवले.

मी आता बसून वर्षाचा खर्च काढलाय. अर्धवेळ माणूस महिना आठ हजार म्हणजे ९६,०००. कापड, लाकडी फळ्या, खोकी २५,०००. वाळवीचा बंदोबस्त १२,०००. पावसाळ्याचे चार महिने हवेतली ओल शोषणारं यंत्र चालवायचं त्याची वीज आणि देखभाल १८,०००. डिस्का आणि स्कॅनच्या प्रती १५,०००. छपराच्या डागडुजीला बाजूला २०,०००. एकूण १,८६,०००. सरकारी अनुदान जे येतं ते पगार, नवीन पुस्तकं, वर्तमानपत्रं यातच संपतं. म्हणजे हे १,८६,००० दरवर्षी, न चुकता, मी असलो नसलो तरी यायला हवेत. एकदा पाच लाख कुणी देईल हो, पण दरवर्षी पावणेदोन-दोन लाख कोण देणार? कुणी कुठे असं जमवलेलं बघितलंय का?

कागदवेडा
वाचून वाईट वाटलं. केंद्राच्या ज्ञान भारतम् मिशनचं बघितलंत का? २०२५-२६ च्या बजेटमध्ये जाहीर झालं, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी, जतन करायचं म्हणतात. आधीचं राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ पासूनचं होतं, त्यापेक्षा तरतूद खूप वाढवलीय, त्या वर्षाला ६० कोटी.

नदीकाठचा
@कागदवेडा, बघितलंय, अर्जही करणार आहे, नोंदणी झाली तर निदान आमच्या पोथ्या कुठल्यातरी यादीत येतील. पण साधा भागाकार करून बघा, ६० कोटी आणि एक कोटी हस्तलिखितं, म्हणजे एका पोथीमागे ६० रुपये, त्यात पाहणी आली, स्कॅनिंग आलं, दुरुस्ती आली. पैसे देणाऱ्याला मी नावं ठेवत नाहीये, वाढ झाली याचा आनंदच आहे. पण आमच्या कपाटाला वर्षातून चार वेळा कुणीतरी हात लावायला हवा, तो खर्च दिल्लीहून येईल असं धरून चालता येणार नाही.

बोरू
मी कागद-जतनाचंच काम करते, बावीस वर्षं झाली. पैशाचं इतर लोक सांगतील, मी आधी तातडीचं सांगते, कृपा करून आजच करा.

ते तीन रुमाल आणि त्यांच्या शेजारचे सगळे वेगळे काढा, एकेक जाड पॉलिथिनच्या पिशवीत बंद करा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. भुगा टाकून देऊ नका, त्यात अक्षरांचे तुकडे असतात. कागदावर कुठलाही फवारा मारू नका, फवारणी भिंतीला आणि जमिनीला, तीही जाणकाराकडून. सेलोटेप तर अजिबात नको, लॅमिनेशन नको, मी जेवढे कागद वाळवीने गेलेले बघितलेत जवळजवळ तेवढेच चिकटपट्टीने गेलेले बघितलेत. कपाट भिंतीपासून निदान वीतभर लांब आणि जमिनीपासून उंच. वेखंड, कडुनिंबाचा पाला, कापूर यांनी किडे लांब राहायला मदत होते, पण आत आलेली वाळवी मरत नाही त्याने. काकूंचं खरं काम वेखंडाचं नव्हतंच, त्या दर आठवड्याला कपाट उघडत होत्या हे खरं काम होतं. वाळवीला अंधार, ओल आणि निवांतपणा लागतो, यातलं एक जरी मोडलं तरी तिला जम बसवता येत नाही.

आता खर्चाबद्दल एकच मुद्दा. भोक पडलेलं एक पान जपानी टिश्यूने, म्हणजे पातळ पण चिवट कागदाने, नीट भरायला माझा कधी तासभर जातो कधी अख्खा दिवस. तुमचे तीन रुमाल म्हणजे हजारेक कागद असतील तर ते काम वर्षाच्या पुढे जाईल आणि लाखांत जाईल. अडीच हजार महिन्याच्या कामाने जे वाचलं असतं त्याला आता लाखो लागतील आणि तरी अक्षरं परत येणार नाहीत. मी देणगीदारांना नेहमी हे सांगते, पण दुरुस्तीचा आधी-नंतरचा फोटो काढता येतो, न बिघडलेल्या पोथीचा फोटो कसा काढणार, म्हणून पैसे दुरुस्तीला मिळतात, राखणीला नाही.

आणि हो, खालच्या मजल्यावरची जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रं बघा. पोथ्यांचा कागद जुन्नरी, दौलताबादी, हाताने केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा, आणि शाई काजळाची. ते नीट ठेवलं तर अजून तीनशे वर्षं बघेल. १९२०-३० ची मासिकं लाकडाच्या लगद्याच्या कागदावरची, त्यात आम्ल असतं, ती पान उलटताना मोडतात. स्कॅनिंगचे पैसे मिळाले तर आधी ती घ्या.

पोथी हातात घेतलीच आहे तर एक सांगते, पानांवर कुठेकुठे पिवळे ठिपके दिसतील, ते डाग समजून पुसू नका. लिहिणाऱ्याची चूक झाली की त्यावर हरताळ, म्हणजे एक पिवळं खनिज, लावून खोडायचे, 'हरताळ फासला' आपण म्हणतो ते इथूनच. नवीन माणूस ठेवलात तर त्याला हे पहिल्या दिवशी दाखवा.

स्पष्टच
राग मानू नका, पण एक विचारतो. छोट्या वाचनालयांनी हे सगळं कशाला धरून ठेवायचं? पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे, तिथे माणसं आहेत, शास्त्र माहीत आहे. गावाचा अभिमान ठीक आहे, पण अभिमानापायी कागद मरत असतील तर ते बरोबर आहे का? पैसे पन्नास ठिकाणी थोडेथोडे वाटण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी भरपूर द्यावेत.

धुळ्याची लेक
@स्पष्टच, प्रश्न योग्य आहे, पण उत्तर एवढं सरळ नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचंच बघा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात तेच पुढे होते, आणि आयुष्याच्या शेवटी ते धुळ्यात होते, १९२६ च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेले. त्यांनी गोळा केलेलं जपायला धुळ्याच्या लोकांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. मी लहानपणापासून ती वास्तू बघतेय. ते कागद गावात राहिले म्हणून खानदेशातल्या कितीतरी घरांनी आपापले कागद तिथे आणून दिले. माणूस आपल्या पणजोबांचं दफ्तर ओळखीच्या ठिकाणी देतो, जिथे तो कधीही जाऊन बघू शकतो. तालुक्याचं ठिकाण बंद केलंत तर ते कागद पुण्याला जाणार नाहीत, रद्दीत जातील.

आणि सगळं एका जागी ठेवायची भीती पण असते. भांडारकरवर ५ जानेवारी २००४ ला हल्ला झाला तो दिवस आठवतो ना? पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जानेवारी २००३ ला आग लागली त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या, पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म गेल्या. एकाच टोपलीत सगळं ठेवू नये म्हणतात ते याचसाठी. मला वाटतं मूळ कागद गावात, प्रती चार ठिकाणी, आणि शिकवायला मोठ्या संस्थांनी माणूस पाठवावा.

स्पष्टच
मान्य, रद्दीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आमच्याच चुलत्यांनी वाडा विकला तेव्हा एक ट्रंक गेली, कुठे गेली ते आजवर कुणालाच माहीत नाही.

वाशिष्ठी
मी चिपळूणची. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, सगळं परत उभं केलं, आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. चिखलात फुगलेली पुस्तकं रस्त्यावर ढीग करून ठेवलेली बघितलीत का तुम्ही कधी? मी बघितलीत. पुस्तक भिजलं की ते फुगतं आणि शेल्फमधून निघतच नाही, ओढलं की बांधणी हातात येते.

पुरानंतर महाराष्ट्रभरातून लोकांनी पुस्तकं पाठवली, पैसे पाठवले, ते ऋण आम्ही विसरणार नाही. पण पूर येण्याआधीच्या जून महिन्यात दुर्मिळ पुस्तकं वरच्या मजल्यावर हलवायला कपाटं हवीत म्हणून कुठल्याही गावच्या वाचनालयाने हाक दिली तर कोण येतं? संकट दिसल्यावर आपली माणसं भरभरून देतात, संकट दिसायच्या आधी देत नाहीत. त्यामुळे @नदीकाठचा, तुमचे तीन रुमाल गेलेत त्याचे फोटो गावाला दाखवा, लपवू नका. कार्यकारिणीला कमीपणा वाटेल, वाटू दे. आणि तुम्ही नदीकाठी आहात म्हणता, तर यादीची एक प्रत गावाबाहेर ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीला काय झालं ते आठवा.

हिशेबनीस
सीए आहे, चार-पाच ट्रस्टचे हिशेब बघतो, म्हणून नेमकं सांगतो. तुमच्या सीएसआरच्या अनुभवात त्या कंपनीचा दोष असेल नसेल, पण कायद्याची रचनाच तशी आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती यांचं जतन आणि सार्वजनिक वाचनालयं हे स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे पोथ्यांना पैसे देता येतात यात शंका नाही. पण २०२१ च्या जानेवारीनंतर कुठल्याही संस्थेच्या कॉर्पसमध्ये म्हणजे कायम ठेवीत दिलेले पैसे सीएसआर खर्च म्हणून धरत नाहीत. आणि चालू प्रकल्प म्हटला तरी सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं, त्यापलीकडे नाही. म्हणजे कंपनी तुम्हाला स्कॅनर देऊ शकते, कपाटं देऊ शकते, छप्पर देऊ शकते, तीन-चार वर्षं माणसाचं मानधनही देऊ शकते. पण ज्याच्या व्याजावर काकूंची जागा कायम चालेल अशी ठेव देऊ शकत नाही. तेव्हा सीएसआरकडे फक्त एकदाच लागणाऱ्या गोष्टी मागा, आणि मागतानाच अर्जात चौथरा, कापड, दोन जादा डिस्का हे स्कॅनिंगच्या रकमेतच लिहून टाका, नंतर मागितलं की बसत नाही म्हणणारच. १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला सूट) आणि सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्यासाठी) ची नोंदणी असल्याशिवाय कंपनी तुमचा अर्ज पुढे नेणार नाही.

दरवर्षीच्या खर्चाला कॉर्पसच हवा आणि तो व्यक्तींकडूनच उभा राहील. देणगीदाराकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी' असं लेखी घ्या, वेगळ्या खात्यात ठेवा, आयकर कायद्याला चालतात अशाच ठिकाणी गुंतवा, साधी बँकेची एफडी सगळ्यात बरी. दोन हजारांच्या वर रोख घेतलंत तर देणाऱ्याला ८०जी मिळत नाही. आणि जे लोक नव्या करप्रणालीत गेलेत त्यांना ८०जी चा उपयोगच नाही, त्यामुळे कर वाचेल म्हणून द्या हे सांगणं आता फार चालत नाही, पोथीसाठीच मागावं लागेल.

रक्कम किती ते सांगतो. व्याज सात टक्के धरू. १,८६,००० साठी साडेसव्वीस लाख लागतील असं वाटेल, पण सगळं व्याज खाल्लंत तर दहा वर्षांनी त्याच रकमेत बरंच कमी कापड येईल. दोन टक्के मुद्दलात परत टाका, पाच टक्केच खर्च करा. मग ३७ लाख लागतात.

नदीकाठचा
३७ लाख. आकडा बघून बायकोला दाखवला, ती म्हणाली गावातल्या एका देवळाच्या कळसाला याहून जास्त जमले होते. खरं आहे ते, आणि लोकांनी मनापासून दिले होते.

सातासमुद्रापार
मी न्यू जर्सीत असतो, मूळ वाईचा. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात विषय काढला तर वीस-पंचवीस घरं नक्की देतील. थेट वाचनालयाच्या खात्यात पाठवू का?

हिशेबनीस
@सातासमुद्रापार, थांबा, घाई नको. तुमच्याकडे भारताचा पासपोर्ट असेल तर तुम्ही एनआरआय, बँकेमार्फत देणगी देऊ शकता, ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. नोंदणीशिवाय वाचनालयाने घेतली तर वाचनालय अडकेल. नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं झालेली हवीत आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत उद्देशांवर निदान १५ लाख खर्च झालेला हवा, शिवाय खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. २०२० पासून एका संस्थेने घेऊन दुसऱ्या संस्थेला द्यायलाही बंदी आहे, त्यामुळे पुण्याच्या एखाद्या मोठ्या ट्रस्टमार्फत पाठवू हा मार्गही नाही.

सातासमुद्रापार
बापरे. मी अजून भारताच्याच पासपोर्टवर आहे, पण इथे निम्म्याहून अधिक लोकांनी नागरिकत्व घेतलंय. मग असं करतो, भारताचा पासपोर्ट असलेली घरं तेवढी गोळा करतो. बाकीच्यांना सांगेन की गावी आईवडील, भाऊ असतील त्यांना त्यांच्या स्वतःच्या पैशातून द्यायला प्रवृत्त करा. आणि यादी इंग्रजीत, रोमनमध्ये करायचं काम आम्ही इथून फुकट करू, त्याला तर कुठला कायदा आडवा येत नाही ना? आमच्या घरातल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, पण त्यांना आपल्या गावच्या पोथ्या आहेत हे कळू तरी दे.

त्रिरश्मी
नाशिकचा आहे, पांडवलेण्यांवर सतत जाणं असतं. हा धागा वाचताना मला सारखी लेणं क्रमांक दहाच्या ओसरीतली उषवदाताच्या शिलालेखांची भिंत डोळ्यांपुढे येत होती. क्षत्रप नहपानाचा जावई, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. तो काय सांगतो बघा. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवले. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. आणि स्पष्ट लिहिलंय की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. याला ते अक्षयनीवी म्हणतात. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळा एके जागी राहून काढणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. हिशेब करा, २,००० वर वर्षाचे २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. एक पैचा फरक नाही.

म्हणजे आपल्याच भूमीत, पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या कापडासाठी, व्याजावर चालणारी ठेव, आणि तिचा हिशेब दगडावर कोरलेला म्हणजे कुणालाही येऊन तपासता येईल असा. तुम्ही कॉर्पस म्हणू नका हो, अक्षयनीवी म्हणा. आणि हिशेब दारात लावा.

नदीकाठचा
@त्रिरश्मी, अंगावर काटा आला. कापडासाठीच!

वऱ्हाडकन्या
मी कारंजा लाडच्या बाजूची, आमच्याकडे जैन मंदिरांत जुने ग्रंथभंडार आहेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते, त्या दिवशी शास्त्रं बाहेर काढतात, पुसतात, उन्हात नाही पण वाऱ्यावर ठेवतात, नवीन वेष्टन बांधतात. आजी दरवर्षी वेष्टनाचं कापड घरून घेऊन जायची, आधी स्वतः शिवायची त्याच्या कडा. चार दानांत शास्त्रदान आहे, त्यामुळे कापड देणं हे घराघराचं काम असतं, त्यासाठी वर्गणी मागत फिरावं लागत नाही. शास्त्रं एवढी टिकली ती कुणी एकदा मोठी रक्कम दिली म्हणून नाही, दरवर्षी एक दिवस ठरलेला आहे म्हणून.

तुम्ही पण दिवस ठरवा. तुमच्याकडे दसऱ्याला सरस्वती काढतात, पाटीपूजन करतात, पावसाची ओल पण तेव्हा ओसरत आलेली असते. त्या दिवशी गावाला माडीवर बोलवा. ज्या घरातून जी पोथी आली त्या घरच्यांच्या हाताने तिचं कापड बदलू दे.

बोरू
@वऱ्हाडकन्या, फार छान. फक्त हात धुऊन, कोरडे करून, आणि तेलाच्या समया, निरांजनं, हळदकुंकू कागदापासून लांब. पोथी लिहिणारेच शेवटी लिहून ठेवायचे, तैलाद् रक्षेत्, जलाद् रक्षेत्, रक्षेत् शिथिलबंधनात्. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा. तिसरं लोक विसरतात. गाठ घट्ट असेल तर पानं हलत नाहीत, वाकत नाहीत, धूळ आत जात नाही.

नदीकाठचा
तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण इथलंच सगळं घेऊन बैठक लावली होती. काय ठरलं ते सांगतो.

पहिलं, फोटो. @वाशिष्ठी म्हणाल्या तसे भुग्याचे फोटो मोठे छापून खालच्या मजल्यावर लावले. एक ज्येष्ठ सदस्य नाराज झाले, पण संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची दोन पोरं वर येऊन म्हणाली की आम्ही रोज तासभर काय लागेल ते करतो, आम्ही इथे फुकट बसतो. त्यांना बघून मला बोलायला सुचेना.

दुसरं, काकूंची जागा या महिन्यापासून भरतोय. काकू स्वतः महिन्यातून एकदा जिना न चढता खाली खुर्चीवर बसून नव्या मुलीला शिकवणार. कुठलं गाठोडं कुणाच्या घरचं हे त्यांच्याकडून लिहूनही घेणार, कारण आमच्या यादीपेक्षा त्यांची आठवण पूर्ण आहे. पहिल्या वर्षाचे ९६,००० कार्यकारिणीच्या आम्ही अकरा जणांनी वाटून घेतलेत.

तिसरं, हिशेब फोडला. ६१२ पोथ्या आणि ४३ रुमाल म्हणजे ६५५ गाठोडी. १,८६,००० भागिले ६५५, एका गाठोड्याला वर्षाला २८४ रुपये. आणि @हिशेबनीस यांच्या पाच टक्क्यांच्या हिशेबाने ५,७०० रुपयांची ठेव ठेवली तर ते गाठोडं कायमचं सांभाळलं जातं. ३७ लाख म्हटल्यावर बैठकीत सगळे गप्प झाले होते, ५,७०० म्हटल्यावर एक जण म्हणाले आमच्या घरच्या सात पोथ्या आहेत, त्या सातही माझ्याकडे धरा. तिथल्या तिथे ३१ गाठोड्यांचे शब्द मिळाले. पावतीवर 'अक्षयनीवी' छापतोय आणि मुद्दल, व्याज, खर्च तिन्ही आकडे दर सहा महिन्यांनी दाराशेजारच्या फळ्यावर लिहिणार.

स्कॅनिंगचं म्हणाल तर पोथ्यांची सरासरी साठ पानं, दोन्ही बाजू, म्हणजे ७३ हजारांवर फोटो. एक फोटो २६ एमबी धरला तर दोन टीबीच्या आत बसतं. पण तीन प्रती, तीन वेगळ्या गावी, आणि दरवर्षी तिन्ही उघडून बघायच्या. ते १५,००० मी यादीतून काढू दिले नाहीत.

कागदवेडा
आमच्या घरातून तुमच्या वाचनालयात काहीच आलेलं नाही, पण एक रुमाल माझ्या नावावर लिहा. शक्यतो त्या तिघांतला, जो उरलाय त्यातला.

नदीकाठचा
@कागदवेडा, लिहिला. रुमाल क्र. ३१.

दसऱ्याला वेळ आहे, पण खराब झालेल्या रुमालांच्या शेजारचे अकरा रुमाल तेवढे दिवस त्याच कापडात ठेवायची माझी हिंमत नाही. या शनिवारी सकाळी नऊला माडीवर बसतोय. चाळीस मीटर पांढरं मांजरपाट आणलंय. @बोरू ताई, तुम्ही पुण्यातच असाल तर येऊ शकाल का? जाण्यायेण्याचा खर्च मी देतो.

बोरू
येते, खर्च राहू दे. नऊच्या आत पोचेन. मांजरपाट आज रात्रीच गरम पाण्यात भिजवा आणि दोनदा धुऊन काढा, त्यातली खळ पूर्ण निघाली पाहिजे, खळीवर कसर लागते. साबण शेवटच्या पाण्यात राहू देऊ नका. आणि रुमाल ३१ मी येईपर्यंत कुणी उघडू नका.